सासवड ते जेजुरी रोज मोटारसायकलनं जायचंय, आतल्या कच्च्या वाटा कशा शोधू?

तुम्ही लिहिलंय की राहायला सासवडला आहात, जेजुरी एमआयडीसीत पहिली पाळी असते, गाडी स्प्लेंडर आहे आणि पालखी महामार्गावरच्या अवजड गाड्यांना कंटाळलात. मीही याच पट्ट्यात कामाला जातो-येतो आणि डांबरी सोडून आतून जाण्याची मला मनापासून आवड आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत सलग कच्ची वाट शोधत बसू नका. कुणी पाइपलाइनसाठी चर खणला की तुमची वेळ चुकली. त्यापेक्षा दोन-तीन किलोमीटरचे असे तुकडे शोधा, ज्यांची दोन्ही टोकं डांबरीला लागतात. एक तुकडा बंद पडला तर मागे वळून पाच मिनिटांत रस्त्याला लागता आलं पाहिजे. खळद, शिवरी, बेलसर, साकुर्डे अशी गावं वाटेत असल्यानं आपल्याकडे असे तुकडे भरपूर आहेत.

मोबाइलच्या नकाशात यातल्या निम्म्या वाटा दिसतच नाहीत. गावनकाशा, म्हणजे भूमापनाचा सरकारी नकाशा बघा. त्यात तुटक दुहेरी रेघ म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा ग्रामीण रस्ता, मूळ रुंदी एक साखळी, म्हणजे ३३ फूट. गाडीमार्ग साडेसोळा ते साडेएकवीस फुटांचा. एकेरी तुटक रेघ असेल तर तो पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. जागेवर यातली बरीच रुंदी बांध सरकून गेलेली असते, ३३ फुटांच्या रस्त्याची ट्रॅक्टरपुरती पाणंद उरते. पण नकाशात रेघ आहे म्हणजे ती वहिवाट आहे, कुणाच्या खासगी रानातून आपण घुसत नाही, एवढी खात्री होते. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा ठेवा. जुन्या क्रमांकानं सासवड आणि जेजुरी दोन्ही ४७ जे/३ या एकाच पत्रकात येतात. त्यातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, पुढच्या कामाला लागतात.

कारण रोजच्या वाटेचं खरं मर्म मातीत आहे. पुरंदरचा माळ मुरमाड आहे, कऱ्हा नदीच्या काठाची आणि ओढ्यालगतची रानं काळी. मुरमाचा रस्ता जोराचा पाऊस थांबला की तासाभरात चालण्याजोगा होतो. काळ्या मातीत मात्र चिखल मडगार्डमध्ये असा गच्च बसतो की चाक फिरायचं थांबतं, आणि मग काडीनं उकरण्याशिवाय गत्यंतर नसतं. म्हणून नकाशात माळाच्या अंगानं, ओढ्यापासून उंचावर राहणारी वाट निवडा. पावसाळ्यात तीच धरा. काळ्या रानातली वाट दिवाळीनंतर उघडा. तेव्हा ती टणक झालेली असते आणि कडेला ज्वारी उभी असते, त्या दिवसांत तिच्याइतकी सुंदर वाट दुसरी नाही.

ही माती घरबसल्याही बरीचशी ओळखता येते. गूगल अर्थवर जुन्या तारखांची उपग्रहचित्रं उघडा आणि एप्रिल-मे महिन्यातलं चित्र घ्या. मुरमावरच्या चाकोऱ्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या दिसतात, काळ्या मातीतल्या गडद. दोन फिकट चाकोऱ्या आणि मधे गवताची सलग पट्टी दिसली की समजा, तिथून ट्रॅक्टर नेमानं जातो. चाकोऱ्या एखाद्या वस्तीच्या खळ्यावर जाऊन संपत असतील तर तो तुकडा सोडून द्या.

एवढं करून झालं की दूध घालणाऱ्यांना गाठा. यापेक्षा खात्रीची माहिती कुठल्याच नकाशात नाही. सकाळी दोन्ही बाजूंना कॅन लावून वस्तीवरून डेअरीला येणारा माणूस बारा महिने त्याच वाटेनं येतो. भरलेले कॅन घेऊन तो पावसात जिथून जातो तिथून तुमची रिकामी स्प्लेंडर सहज जाईल. ‘‘दादा, पावसात कुठनं येता?’’ एवढंच विचारा. कुठल्या फरशी पुलावरून पाणी जातं, रेल्वेखालच्या कुठल्या बोगद्यात पाणी तुंबून राहतं, सगळं तो उभ्या उभ्या सांगेल.

आता डोळ्यांना काय मिळतं ते सांगतो. माळावर चढलात की उजव्या हाताला मागे पुरंदर आणि वज्रगड, पुढे जेजुरीच्या वरचं कडेपठार. पावसाळ्यात वाटाणा आणि घेवडा, मग सीताफळाच्या बागा, पुढे अंजीर. इथल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पाऊस ओसरला की बांधावर तरवड पिवळाधमक फुललेला असतो, आणि सकाळी मोटारसायकल बंद करून मिनिटभर थांबलात तर चंडोल ऐकू येतो. बेलसर-खळदच्या याच रानात १६४८ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या आदिलशाही सरदार फत्तेखानाची छावणी होती. रोज त्या मातीवरून कामाला जायचं, हे मला अजूनही मोठं भाग्य वाटतं.

पण हे रस्ते शेतकऱ्यांच्या कामाचे आहेत, हे गाडीच्या वेगात दिसलं पाहिजे. कडेला अंजीर किंवा वाटाणा असेल तर वेग इतका कमी ठेवा की धूळ पिकावर जाणार नाही. मेंढरं आडवी आली की इंजिन बंद करून थांबा, हॉर्न अजिबात नको. रस्त्यावरून आडवा टाकलेला ठिबकचा पाइप उचलून पलीकडे जा, त्यावरून चाक घालू नका. पुरंदरच्या नियोजित विमानतळाच्या आराखड्यातल्या सात गावांकडे, म्हणजे पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या बाजूला, विशेष जपून वागा. तिथे जमिनीचा प्रश्न लोकांच्या जिव्हारी लागलेला आहे. अनोळखी माणूस मोबाइल काढून फोटो घेत फिरू लागला तर कुणालाही शंका येणारच. कुणी हटकलं तर थांबून नाव-गाव सांगा.

गाडीत फारसं काही बदलायला नको. स्प्लेंडरची अठरा इंची चाकं अशा वाटांना चांगली आहेत. मागचा टायर गुळगुळीत होऊ देऊ नका, चेन दर आठवड्याला पुसून तेल लावा, एअर फिल्टर सर्व्हिसिंगची वाट न बघता झटकत जा. सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक अलगद. हिवाळ्यात जाताना सूर्य बरोबर समोरून येतो आणि काचेवर धूळ असली की काही म्हणजे काही दिसत नाही, तेव्हा निघताना हेल्मेटची काच धुऊन घ्या.

सोमवती अमावस्येला आणि ज्येष्ठाच्या अखेरीस माउलींची पालखी सासवड-जेजुरी टप्प्यावर असते तेव्हा मोठा रस्ता भरलेला असतो. त्या दिवशी या आतल्या वाटा उपयोगी पडतात, पण इतर गाड्याही तिकडेच वळतात, म्हणून अर्धा तास आधी निघा.

पाळी बदलून रात्रीची आली तर मात्र डांबरीनंच या. आतल्या रस्त्याला लागून कठडा नसलेल्या विहिरी आहेत, वस्तीवरची कुत्री मोकळी असतात आणि या भागात बिबट्याचा वावर आहे.