ती गोष्ट त्सावोची नाही, किमाची

ताई, वडिलांना आठवणारी ती शिकारकथा कुठली, असं तुम्ही विचारलंत; गोष्ट नेमकी लिहिलीत म्हणून सापडली. रेल्वेच्या डब्यात तीन साहेब नरभक्षक सिंहाची वाट बघत बसतात, पहाऱ्यावरच्याचा डोळा लागतो आणि सिंहच आत शिरतो. तुम्ही रेल्वेचा पूल बांधणाऱ्या पॅटरसन या अभियंत्याचं १९०७ चं पुस्तक उघडलंत, त्यात पूल आणि बिनआयाळीचे दोन सिंह दिसले, म्हणून मिटून ठेवलंत. पण ते आजच्या केनियातलं त्सावो, १८९८, मोंबासाहून नैरोबीकडे जाणारा लोहमार्ग बांधतानाचं. आपल्याकडून नेलेले मजूर तिथे तंबूंतून ओढले गेले आणि डिसेंबरात पॅटरसनने दोन्ही सिंह मारले. वडिलांची गोष्ट त्याच पुस्तकात पुढे आहे.

जागा किमा, त्याच लोहमार्गावर नैरोबीच्या बाजूला. जून १९००. रेल्वे पोलिसांचा अधिकारी रायल, सोबत ह्यूबनर आणि पॅरेंटी. डबा सायडिंगला उभा होता, जमीन सारखी नव्हती, त्यामुळे एका बाजूला कललेला. वरच्या बर्थवर ह्यूबनर, खाली जमिनीवर पॅरेंटी, पहाऱ्याला रायल. सिंह सरकत्या दरवाजातून आत आला आणि त्याच्या वजनाने डबा आणखी कलला, तसा दरवाजा आपोआप सरकून बंद झाला! मागचे पाय पॅरेंटीच्या अंगावर रोवून त्याने रायलला धरलं. ह्यूबनरला बाहेर पडायला वाट एकच, सिंहाच्या पाठीवर उडी टाकून पलीकडच्या दाराकडे. ते दार पलीकडून घाबरलेले नोकर घट्ट धरून बसलेले. शेवटी सिंह रायलला घेऊन खिडकी फोडून गेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या दारापाशी थांबलो होतो, पुढचं पान उलटवेना.

आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत या दोन घटना एकत्र आलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून वडिलांच्या आठवणीतही पूल आणि डबा शेजारी बसले असावेत. सांगलीत जुने मासिकांचे गठ्ठे चाळणार असाल तर नुसतं ‘त्सावो’ शोधू नका. ‘किमा’, ‘कीमा’, ‘रायल’, ‘रॅयल’ असंही बघा. २०१९ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्याने बरंच कागद गेलं, तेव्हा सातारा, मिरजेतही विचारा. मूळ इंग्रजी पुस्तक मात्र स्वामित्वहक्काबाहेर आहे, नेटवर फुकट मिळतं. तो डबा आजही नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेला आहे, फोटो वडिलांना दाखवा.

आणि वाचून दाखवण्याआधी त्यांना एवढंच विचारा, दरवाजा कुणी लावला होता?