‘हुशार’ हे बिरूद मुंबईतच ठेवून या

तुमचा प्रश्न असा: ऑक्टोबरमध्ये नोकरीसाठी म्युनिकला यायचंय, जर्मनची ए१ ही पहिली पातळी झालीय, ठाण्याच्या ऑफिसात तुमचा शब्द शेवटचा असतो, तिथे टिकाल का?

टिकाल. पण शाळेपासून ‘हुशार’ म्हणून ओळखल्या गेलेल्यांचीच इथे पहिल्या तीन महिन्यांत जास्त दमछाक होते. भाषा अडते म्हणून नव्हे, अडली की ते गप्प बसतात म्हणून. मीटिंगमध्ये अर्धंच कळलं तरी मान डोलावतात, काम पुरं झाल्याशिवाय कुणाला दाखवत नाहीत. चूक दिसली तर हुशारीच खोटी ठरेल, ही धास्ती. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८मध्ये पाचवीतल्या मुलांबाबत हेच दाखवलं: ‘किती हुशार आहेस’ ही शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपी कोडी मागू लागली, आणि एकदा अपयश आल्यावर आधी जमलेलंही त्यांना जमेना. मेहनतीचं कौतुक झालेली सुधारली.

मात्र ‘मी शिकू शकतो’ असं नुसतं घोकून फारसं हाती लागत नाही. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांना हा विचार तासाभरात शिकवून पाहिला. मागे पडलेल्यांचे ग्रेड वाढले, पण चार गुणांच्या मापात ०.१ एवढेच. म्हणून सवयी बदला.

प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. काम कसं चाललंय हे शेवटी विचारून उपयोग नाही. चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या आठवड्यात बॉसची वीस मिनिटं मागा. ‘सगळं ठीक ना?’ विचारलंत तर ‘हो’ एवढंच ऐकू येईल. ‘कोणत्या दोन गोष्टी मी वेगळ्या करायला हव्यात?’ असं विचारा. उत्तर रोखठोक येईल, मनाला लावून घेऊ नका. ‘निश्त श्लेश्ट’, म्हणजे ‘वाईट नाही’, ही इथे बऱ्यापैकी शाबासकी आहे! काम तीसएक टक्के झालं की कच्चं म्हणूनच दाखवा. दिशा चुकली असेल तर दोन दिवस जातात, दोन आठवडे नाहीत.

भाषेसाठी एक वही करा. डाव्या पानावर चुकलेलं वाक्य, उजवीकडे दुरुस्त केलेलं, वर तारीख. मग पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी उजवं पान झाकून मोठ्याने म्हणा. नुसतं वाचलंत तर येतंय असं वाटतं आणि बेकरीत तोंड उघडत नाही. लोकलमधली वीस मिनिटं याला पुरतात. बी१ ही तिसरी पातळी झाली तर ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा वास्तव्य परवाना) कायम वास्तव्याचा अर्ज २७ऐवजी २१ महिन्यांत करता येतो, पेन्शनचे हप्ते तेवढे भरलेले हवेत.

आणि घरी आईला सांगून ठेवा. रविवारच्या फोनवर ‘सगळं छान ना रे?’ऐवजी ‘या आठवड्यात काय चुकलं?’ असं तिने विचारावं. तिच्यापुढे ‘मस्त चाललंय’ म्हणण्याची सवय लागली, की ऑफिसातही तेच तोंडात येतं.