चिडक्या किंवा फार काळजी करणाऱ्या माणसांनाच जबड्याच्या सांध्याचा त्रास होतो का?

नाही. कुणालाही होतो. शांत माणसांना होतो, तापट माणसांना होतो, आणि जन्मभर कपाळावर आठी घेऊन फिरणाऱ्या कित्येकांना होत नाही.

तुम्ही लिहिलंय की कानाच्या पुढे दुखतं, जांभई देताना कट् असा आवाज येतो, डॉक्टरांनी जरासं दाबून पाहिलं आणि "टेन्शन घेणं सोडा, स्वभाव बदला" म्हणून घरी पाठवलं. आता तुमचे मिस्टरही तेच ऐकवतात. हे औषध मलाही मिळालं होतं, त्यामुळे उत्तर लांबणार.

माझं सुरू झालं खालच्या अक्कलदाढेपासून. दाढ आडवी होती, तुकडे करून काढावी लागली, आणि तेवढा सगळा वेळ मी खुर्चीत आ वासून. "जरा मिटा, दम घ्या" असं मध्ये एकदाही कुणी म्हटलं नाही. जखम भरली, पण डावीकडे चावताना कट् व्हायला लागलं. दुखत नव्हतं, म्हणून सोडून दिलं. पुढे एका सकाळी तो आवाज एकदम बंद. ब्रश दाढांपर्यंत जाईना तेव्हा आरशात पाहिलं, तर तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं आणि उघडताना हनुवटी डावीकडे सरकत होती.

या सांध्यात कवटी आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये एक छोटी चकती असते. ती पुढे घसरली की तोंड उघडताना हाड उडी मारून तिच्यावर चढतं, तेच ते कट्. काही जणांत पुढे हाडाला तिच्यावर चढताच येत नाही. मग आवाज जातो आणि तोंड अडकतं. ज्यांना दाखवायला गेले त्यांना मात्र ही प्रगती वाटली. "आवाज गेला ना? मग झालं तर." कधीपासून, आधी दाताचं काही काम झालं होतं का, तोंड किती उघडतंय, यातलं काहीही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तुम्ही फार विचार करता का?" अडकलेल्या तोंडाने मी काही बोलायच्या आत सोबत आलेल्या दादाने उत्तर दिलं, "लहानपणापासून!" डॉक्टर हसले, दादा हसला, आणि एक झोपेची गोळी लिहिलेला कागद घेऊन मी बाहेर आले.

तिथून घरात शिक्कामोर्तब झालं. मी कशाला नाही म्हटलं की "बघ हं, जबडा धरेल". हिशेबातली चूक दाखवली की "म्हणूनच तुझं तोंड अडकतं". आई-बाबांच्या औषधपाण्याचं कुणी काय करायचं, यावर आम्हा भावंडांत जे बोलणं व्हायला हवं होतं तेही माझ्या जबड्यावर येऊन संपायचं. बाईमाणूस असलं की हे फार सोपं जातं. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त दिसतो, त्यातही विशी ते चाळिशीत. त्याची कारणं संशोधक हार्मोन्समध्ये, वेदनेच्या यंत्रणेत शोधताहेत. घरच्यांना ती "हळवी आहे" मध्ये केव्हाच सापडलेली असतात.

आता तुमच्या प्रश्नातला अभ्यासाचा भाग. 1934 मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने मांडलं, की मागच्या दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो आणि त्यातून कानाची, सांध्याची दुखणी होतात. म्हणजे दोष दातांचा. शरीररचनेच्या अभ्यासकांनी ते खोडून काढलं, तरी चांगले दात तासून 'बाइट', म्हणजे वरच्या-खालच्या दातांचा चावा, जुळवून देण्याचा उद्योग पुढे कित्येक वर्षं चालला. 1969 मध्ये डॅनियल लॅस्किन यांनी बोट ठेवलं स्नायूंवर: ताण आला की माणूस दात आवळतो, आवळून आवळून स्नायू थकतात, आकसतात, दुखतात. हे मला बरंचसं पटतं. पण लोकांनी त्यातून उचललं काय, तर 'मनाचं दुखणं'. रुग्णांच्या हातात एमएमपीआयसारख्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या आल्या आणि निष्कर्ष निघाले, की ही माणसं आजाराचा बाऊ करणारी आहेत. बाऊ मोजणारे त्या प्रश्नावलीतले प्रश्न पाहिलेत तर ते बहुतेक शरीराच्या तक्रारींचेच आहेत. ज्याचं कानशील आणि मान महिनोन् महिने ठणकतेय त्याने खरं उत्तर दिलं की तो बाऊ करणारा ठरतो!

शिवाय आधी काय, दुखणं की स्वभाव? याचं सगळ्यात चांगलं उत्तर जबड्याच्या नव्हे, मानेच्या एका छोट्या अभ्यासात आहे. ऑस्ट्रेलियातल्या वॉलिस, लॉर्ड आणि बोगडक यांनी तो 1997 मध्ये छापला. गाडीच्या अपघातात मानेला हिसका बसून कायमचं दुखणं मागे लागलेले लोक घेतले. त्यांच्या मानसिक त्रासाचे आकडे चढलेले होते. मानेच्या सांध्यातली वेदना वाहणारी बारीक नस सुईच्या उष्णतेने बंद केली. ज्यांची वेदना थांबली त्यांचे मनाचे आकडेही ताळ्यावर आले, कुठलंही समुपदेशन न करता. ज्यांची थांबली नाही त्यांचे तसेच राहिले. हा अभ्यास मी दादाला छापून दिला होता. त्याने घडी घालून खिशात ठेवला.

जबड्याबद्दलचं मोठं काम म्हणजे अमेरिकेतला ऑपेरा नावाचा अभ्यास. त्यांनी त्रास नसलेले 2,700 हून जास्त लोक घेऊन त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं. दरवर्षी शंभरातल्या साधारण चौघांना नव्याने त्रास सुरू झाला. मानसिक बाजूने मोजलेल्या गोष्टींत सगळ्यात ठळक इशारा होता तो शरीराच्या इतर बारीकसारीक तक्रारी असण्याचा. त्याखेरीज इतर ठिकाणची दुखणी, बिघडलेली झोप, सिगारेट यांचा संबंध दिसला. ताण आणि खालावलेली मनःस्थिती यांचाही दिसला, तो मी लपवत नाही. पण 'अमक्या स्वभावाचा माणूस म्हणजे जबड्याचा रोगी' असा साचा काही त्यातून निघाला नाही. आज जगभर वापरले जाणारे निदानाचे निकष 2014 चे आहेत. त्यांचा दुसरा भाग (त्याला 'अक्ष' म्हणतात) खास मनाच्या बाजूचा आहे, आणि त्यात नैराश्य, चिंता, दुखण्याने कामात किती अडथळा येतो, तोंडाच्या सवयी कोणत्या, हे सगळं विचारतात. व्यक्तिमत्त्वाची चाचणी त्यात नाही. तेव्हा "स्वभाव बदला" हा सल्ला तुमच्या डॉक्टरांनी कुठून आणला ते त्यांनाच माहीत.

सवयींचं मात्र मनावर घ्या. दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना लागतात ते चावताना-गिळताना, सगळं मिळून वीसेक मिनिटं. एरवी ते सुटे असायला हवेत. आत्ता हे वाचताना तुमचे कुठे आहेत? मी आवळते ते रागाने नव्हे, बारीक काम करताना. सुईत दोरा ओवताना, आकड्यांचा रकाना तपासताना, अवघड वळणावर गाडी काढताना. माझ्या जिभेच्या कडेला दातांचे खळगे उठलेले असतात आणि गालाच्या आतून दातांच्या ओळीत एक पांढरट रेघ आहे. फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावरून स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटवली. ती दिसली की ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला अलगद. हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि मला सगळ्यात जास्त लागू पडला. जोडीला शेक, काही काळ मऊ खाणं, च्युइंगम बंद, मोठी जांभई आली की हनुवटीखाली मूठ, आणि तोंड उघडण्याचे त्यांनी शिकवलेले व्यायाम. तोंड हळूहळू उघडलं. स्वभाव होता तिथेच आहे.

आणि दादा? त्याच्यासारखा थंड माणूस आमच्या नात्यात नाही. तो झोपेत दात खातो. वहिनीला पलीकडच्या खोलीत ऐकू जातं, एका दाढेचा कोपरा उडालाय, दात घासून सपाट झालेत. झोपेतलं दात खाणं हा बराचसा झोपेचा आणि मेंदूचा मामला आहे; दारू, तंबाखू, जास्त कॉफी, नैराश्यावरची काही औषधं, झोपेत श्वास अडणं यांनी ते वाढू शकतं, आणि त्यातल्या अनेकांचा जबडा कधीच दुखत नाही. त्यालाही डॉक्टरांनी ताण हेच कारण सांगितलं. पण त्याचा ताण "ऑफिसचा", माझा "स्वभावाचा". त्याला नाइट गार्ड (झोपताना दातांवर चढवायचं कवच), मला उपदेश. तुमच्या मिस्टरांनाही एकदा विचारा, त्यांची पाठ धरते तेव्हा ती कोणत्या स्वभावामुळे धरते.

काही गोष्टी राहिल्या. चिंता किंवा उदासी खरोखर असेल तर तिच्यावर उपचार घ्याच, कारण दुखणं लांबतं की सुटतं यात तिचा मोठा हात असतो. मी भांडतेय ते दुखण्याचा दोष माणसाच्या माथी मारण्याशी, मानसोपचारांशी नव्हे. त्यांचा या दुखण्यात चांगला उपयोग होतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर काहीही करू नका. असा आवाज पुष्कळांना येतो. दात तासून चावा बदलायचा किंवा थेट शस्त्रक्रिया असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका, तासलेला दात परत येत नाही. चालताना किंवा श्रम करताना जबडा दुखत असेल तर आधी हृदय तपासा. पन्नाशीपुढे नव्याने कानशील दुखणं आणि चावता चावता जबडा भरून येणं हे रक्तवाहिनीच्या सुजेचं लक्षण असू शकतं, त्यात नजर जाण्याचा धोका असतो, तिथे एक दिवसही थांबू नका.

बाकी, पुढच्या खेपेला तोंड किती मिलिमीटर उघडतं ते मोजून कागदावर लिहून मागा. प्रौढ माणसाचं साधारण 40 किंवा त्याहून जास्त असतं. साधी पट्टी लागते आणि मिनिटभर जातं. पुढे गोळीने, गार्डने की व्यायामाने फरक पडला, हे त्या आकड्याशी ताडून बघता येतं.