वाचकांचे प्रश्न : फोर्ज्ड रॉड आणि त्याचे बोल्ट

प्रश्न : १.३ लिटरचं इंजिन रॅलीसाठी ७५०० आरपीएमपर्यंत फिरवायचं आहे. ४३४० या मिश्र पोलादाचे, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) एच-बीम कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे एच आकाराच्या छेदाचे दांडे, आणलेत. इंजिन ऑइल लावून टॉर्क रेंचने बोल्ट आवळले तर पुरेल का? (कोल्हापूर)

उत्तर : पुरणार नाही. चांगला रॉड मध्येच मोडण्याआधी बहुधा त्याचा बोल्ट जातो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टनला वरून दाबणारा गॅस नसतो, त्यामुळे त्याला थांबवून खाली वळवण्याची सगळी ओढ रॉडच्या कॅपवर (क्रँकभोवती बसणाऱ्या खालच्या टोकाचा सुटा अर्धा भाग), म्हणजे ती धरणाऱ्या दोन बोल्टांवर येते. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. स्ट्रोक ७५.५ मिमी आणि पिस्टन, रिंगा, पिन, रॉडचं वरचं टोक मिळून अर्धा किलो धरा : ६००० ला ओढ सुमारे १ टन, ७५०० ला दीड टनाच्या पुढे. बोल्ट नीट ताणलेला असेल तर कॅप घट्ट दाबलेली राहते आणि हा चढउतार बोल्टापर्यंत फारसा पोचत नाही. ताण कमी पडला की दर फेरीला हिसका बसतो आणि आट्यांच्या मुळाशी चीर सुरू होते.

रेंचवरचा बहुतेक जोर घर्षणातच जातो. ऑइलऐवजी बोल्टसोबत आलेलं ल्युब्रिकंट लावलं तर त्याच टॉर्कला ताण बराच वाढतो. म्हणून ताण लांबीवरून मोजा. डायलचा स्ट्रेच गेज घ्या. मोकळ्या बोल्टची लांबी नोंदवा, आट्यांना आणि डोक्याखाली ल्युब्रिकंट लावा, तीनदा आवळून सोडा, मग बोल्टसोबतच्या कार्डावर दिलेली वाढ येईपर्यंत आवळा. ५/१६ इंची बोल्टला ती बहुधा ०.१३ ते ०.१५ मिमी असते, पण आकडा तुमच्या कार्डावरचाच धरा. पुढे इंजिन उघडाल तेव्हा सोडलेला बोल्ट मूळ लांबीपेक्षा ०.०२५ मिमी लांब निघाला तर तो बाद.

प्रश्न : भोसरीत ईएन२४ पोलादाचा बार सहज मिळतो. त्यातून सीएनसीवर रॉड कापून घेतले तर? (पिंपरी)

उत्तर : पोलाद ४३४० च्या जवळचंच आहे, तक्रार त्याबद्दल नाही. बारमध्ये धातूचे तंतू सरळ धावतात. बिग एंडच्या (क्रँककडच्या मोठ्या टोकाच्या) वळणावर कटर ते तोडतो, फोर्जिंगमध्ये ते आकाराबरोबर वळतात. तरीही करायचंच असेल तर हीट ट्रीटमेंटनंतर ३६ ते ४० एचआरसी (रॉकवेल मापावर) कडकपणा, चुंबकीय क्रॅक तपासणी आणि शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक छऱ्यांचा मारा), यातलं एकही वगळू नका. बिग एंडचा बोअर बोल्ट पूर्ण ताणूनच होन करा (आतून घासून अचूक मापाला आणा), नाहीतर कॅप आवळल्यावर तो लंबगोल होतो. बीमवर नंबर पंच करू नका, आडवी कानसही मारू नका. चीर तिथूनच निघते. आणि १२.९ ग्रेडचे बाजारी ॲलन बोल्ट इथे कृपा करून लावू नका. त्यांची ताणशक्ती १२०० मेगापास्कल असते, रॉडसाठीच्या, एआरपी कंपनीच्या २००० या मिश्रधातूच्या बोल्टची सुमारे १५००.

प्रश्न : रॉडच्या बेअरिंगला क्लिअरन्स (तेलासाठी मोकळी फट) किती? (नाशिक)

उत्तर : क्रँकपिनच्या (रॉड ज्यावर फिरतो त्या क्रँकच्या भागाच्या) व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे ४२ मिमीला ०.०४२ मिमी. एका रॉडची कॅप दुसऱ्याला नको. रॉडचा मोठा चॅम्फर (तिरपी कापलेली कड) क्रँकपिनच्या टोकाच्या गोलाईकडेच आला पाहिजे. उलटा बसला तर बेअरिंगची कड घासून निघते.