नवे पॅड बसवले, तरी दिवा विझेना

प्रश्न : स्पोर्ट्स कारचे पुढचे ब्रेक पॅड स्वतःच बदलले. पॅड झिजल्याची सूचना देणारा जुना सेन्सर शाबूत वाटला म्हणून तोच लावला. तरी डॅशबोर्डवरचा दिवा जात नाही. काय चुकलं?

उत्तर : सेन्सरचं टोक उजेडात धरून बघा. पॅड झिजला की डिस्क आधी त्याचं प्लास्टिक घासते, मग आतली तार. ती तुटली की दिवा लागतो. तार सांधत बसू नका, सेन्सर नवाच घ्या. टोक कोरं असेल तर प्लग पूर्ण बसलाय का ते तपासा. काही गाड्यांत दिवा मेनूतून रीसेट करावा लागतो.

पिस्टन (पॅड डिस्कवर दाबणारा दट्ट्या) मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर आलं होतं का? सांडलं असेल तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं.