आरी म्हणजे करवत नव्हे

प्रश्न असा आलाय: हौस म्हणून चामड्याचं काम शिकायला घेतलंय, पहिलं पाकीट हातानं शिवायचंय. एक जण म्हणतो भोकं पाडायच्या हत्याराला आरी म्हणतात, दुसरा म्हणतो आरी म्हणजे छोटी करवत, हिंदीत बघ. मग इंग्रजीत ज्याला ऑल म्हणतात त्याला मराठीत नक्की काय म्हणायचं, दाभण म्हटलं तर चालेल का, आणि सुरुवातीला कुठली घ्यावी?

आरीच म्हणायचं. दाभण चालणार नाही, कारण दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई, तिला नेढं असतं आणि दोरा तिच्यातून ओवून जातो. आरीला नेढं नसतं. मूठ, पातं आणि टोक, एवढंच. काही आऱ्यांना टोकाजवळ खाच असते, पण खाच म्हणजे नेढं नव्हे. 'टोच्या' हा शब्दही हल्ली ऐकू येतो, तो समजतो सगळ्यांना, पण ज्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शब्द हजर आहे तिथं नवीन शब्द पाडायची गरज काय ते मला कळत नाही. कोल्हापुरात सुभाषनगर, जवाहरनगर भागात कोल्हापुरी चपला करणाऱ्या कुठल्याही कारागिराकडे आरी मागा, कोणी करवत आणून हातात देणार नाही. तळ आणि पट्टे वादीनं, म्हणजे चामड्याच्या बारीक पट्टीनं, शिवायचे तर आधी आरीनं वाट करावी लागते, खिळ्याचं कामच नाही तिथं.

आता करवतीचं. हे सारखं ऐकून मला खरंच वैताग आलाय. हिंदी व्हिडिओ बघून शिकणारे लोक हिंदी अर्थ मराठीवर चिकटवतात आणि वर मराठी कारागिरालाच चूक ठरवतात. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, अवजारांची नावं सांगताना अमरसिंहानं हे दोन शब्द एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवलेत: क्रकच, करपत्र, आणि लगेच 'आरा चर्मप्रभेदिका'. करपत्र म्हणजे करवत, आपला करवत शब्द तिथूनच आला. आणि आरा म्हणजे चामडं भेदणारी. इतकं स्पष्ट लिहिलंय, व्याख्येत चर्म शब्द घालून लिहिलंय, तरी आपण आरीनं लाकूड कापायला निघालोय.

मग हिंदीत आरी म्हणजे करवत कुठून आली? बरेच जण सांगतात की संस्कृत आरा शब्दाचाच अर्थ पुढं बदलला, टोकदार हत्यार ते दातेरी हत्यार असा. मला हे अजिबात पटत नाही. टोचणं आणि कापणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, ही दोन अवजारं वापरणारे कारागीरही वेगळे, चांभार आणि सुतार, दोघांच्या हत्यारांची नावं आपोआप कशी अदलाबदल होतील? फारसीत करवतीला अर्रे म्हणतात. माझं ठाम मत आहे की हिंदीतला आरा, आरी हा त्या फारसी शब्दाचा वारस आहे आणि आवाज जुळला म्हणून लोकांनी त्याला संस्कृतच्या घरात दत्तक दिलंय. पुरावा हिंदीतच आहे की! हिंदीत 'आर' हा शब्द टोचणीसाठी, पराणीच्या म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या खिळ्यासाठी अजून जिवंत आहे. म्हणजे जुना शब्द आपल्या जुन्या अर्थासकट बसलेलाच आहे, त्याच्या शेजारी करवतवाला पाहुणा येऊन राहिला. मराठीत तो पाहुणा आला नाही कारण आपल्याकडे करवत पक्की होती. जे लोक कोशातल्या एका नोंदीवर बोट ठेवून वाद घालतात त्यांनी एकदा सुताराकडे आणि एकदा चांभाराकडे जाऊन बसावं.

मराठीत मात्र सगळं कुटुंब नांदतंय. बैलाच्या पराणीला पुढं जो लोखंडी खिळा असतो ती आर. भोवऱ्याच्या बुडाशी जी अणी असते तीही आर. चांभाराची ती आरी. तिन्हीत एकच गोष्ट, टोक. (चाकाचा आरा मात्र यातला नाही, तो संस्कृत 'अर' वरून. आणि 'आरपार' हा शब्द आरीवरून आला असं जे सांगतात त्यांनी कृपा करून थांबावं, तो अवार आणि पार म्हणजे नदीचा अलीकडचा आणि पलीकडचा काठ यावरून आलाय.)

आता खरी मजा. ऋग्वेदात ६ व्या मंडलातलं ५३ वं सूक्त पूषन् देवाचं आहे, वाटा दाखवणारा, गुरं सांभाळणारा देव, आणि त्याच्या हातात काय आहे तर आरा! 'वि पूषन्नारया तुद', हे पूषा, आरीनं टोच, पणीचं, म्हणजे दान न देणाऱ्या कंजूष माणसाचं, काळीज टोच म्हणजे ते दान द्यायला मऊ पडेल. काहींनी इथं आरा म्हणजे पराणी असा अर्थ घेतलाय, गुरं हाकणारा देव म्हणून. पण त्यांनी पुढची ऋचा वाचली का? ८ व्या ऋचेत आरा आहे आणि लगेच ९ व्या ऋचेत त्याच देवाची गुरं हाकायची 'अष्ट्रा' वेगळी सांगितलीय. पराणीला शब्द वेगळा असताना आरेला पुन्हा पराणी कशाला करायचं? आरा ती चामडं टोचायचीच, आणि काळजाला टोचायला तीच लागते, बैलाच्या पाठीवर टोचायची ती वेगळी.

आणि शब्द इथल्याच मातीत अडकलेला नाही. इंग्रजी ऑल आणि जर्मन आले हे त्याच आरेचे चुलत भाऊ, मूळ एकच. फिनिश भाषा तर आपल्या भाषाकुळातलीही नाही, पण तिथं काट्याला, टोकदार अणीला 'ओरा' म्हणतात, तो फार जुन्या काळी इंडो-इराणी लोकांकडून तिकडं गेलेला शब्द. म्हणजे 'मराठीत ऑलला काय म्हणतात' हा प्रश्न एका भावाला दुसऱ्या भावाचं नाव विचारण्यासारखा आहे.

घरातलं उदाहरण हवं तर लग्नाच्या ब्लाउजवर जे आरी वर्क करून घेतात ते बघा. ती आरी म्हणजे हीच, खाचेची. कच्छमधल्या मोची लोकांनी चामड्यावर चालणारी आपली आरी रेशमावर चालवली आणि त्याला मोची भरत नाव पडलं. वरून टोक आत घालायचं, खालचा दोरा खाचेत पकडून फास वर ओढायचा, पुढचा फास त्या फासातून काढायचा, झाला साखळी टाका. रस्त्याकडेला चप्पल शिवणारा माणूसही खाचेच्या आरीनं असाच फास वर काढतो, फक्त तो त्या फासातून दोऱ्याचं दुसरं टोक ओवतो, म्हणून त्याचा टाका साखळीसारखा भसकन उसवत नाही. आता कोणी आरी वर्कला करवत-काम म्हणून दाखवावं.

हां, कुठली घ्यावी ते राहिलं. पाकिटासाठी खाचेची नको, बिनखाचेची चौकोनी पात्याची घ्या, जिला डायमंड ऑल म्हणून विकतात. दोन सुयांनी दोन्हीकडून शिवायचं, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, त्यामुळं एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. गोल टोकाची आरी घेतली तर भोक गोल पडतं आणि टाका तिरका बसत नाही. नवीन आरी दुकानातून बहुतेक बोथटच येते, बारीक दगडावर टोक काढा आणि चामड्याच्या पट्टीला धातूच्या पॉलिशची पेस्ट लावून त्यावर घासा, जोर लावावा लागतोय म्हणजे धार गेलीय. मागं बुचाचा तुकडा धरा, बोट नाही. आणि सगळ्या भोकांत पात्याचा तिरकेपणा एकच ठेवा, मनगट फिरलं की पुढची ओळ वाकडी दिसते, ती शिवून झाल्यावर सुधारत नाही.