लूप लाल झाला, म्हणजे सगळं झालं का?

प्रश्न : बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोबायोलॉजी आहे. प्रॅक्टिकलच्या एका बॅचला लूप (जंतू उचलायची, टोकाला बारीक वर्तुळ असलेली दांड्याची तार) दांड्याच्या बाजूने तापवत टोकाकडे न्यायला सांगतात, दुसऱ्या बॅचला टोक थेट ज्योतीत धरायला. नक्की काय करायचं? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

काम सुरू करायच्या आधी लूप कोरडा असतो. तेव्हा दोन्ही चालतं. सगळी तार लालबुंद झाली की झालं. खरी गोम काम संपल्यावर आहे. लूपवर कल्चरचा (वाढवलेल्या जंतूंच्या द्रवाचा) ओला थेंब नाहीतर कॉलनीचा (प्लेटवर एका जागी वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्याचा) गोळा असतो. तो तसाच ज्योतीच्या सर्वांत गरम भागात खुपसला, तर फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो, आणि उडालेल्या कणांतले सगळेच जंतू मेलेले नसतात. म्हणून वापरलेला लूप दांड्याच्या बाजूनेच तापवायला घ्या. उष्णता तारेतून हळूहळू टोकाकडे सरकते, थेंब आधी सुकतो आणि मग जळतो.

बन्सन बर्नर असेल तर आणखी एक सोय आहे. ज्योतीतल्या आतल्या निळ्या शंकूत न जळलेला गॅस असतो, त्यामुळे तो भाग त्यामानाने थंड. ओलं टोक आधी तिथे धरून सुकवा आणि मग शंकूच्या टोकाच्या किंचित वर न्या. सर्वांत जास्त उष्णता तिथे असते. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरचं हवेचं भोक उघडा, नाहीतर तारेवर नुसती काजळी बसेल. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत इतकी गरम नसते. तार तिच्या वरच्या भागात धरा आणि लाल व्हायला थोडा वेळ द्या.

लूपकडेही जरा बघा. वर्तुळ २ ते ३ मिलिमीटरचं आणि पूर्ण मिटलेलं हवं, तार ६ सेंटिमीटरहून लांब नको. लांब तार थरथरते आणि थेंब झटकला जातो. कॉलेजांत वर्षानुवर्षं वापरलेल्या कित्येक लूपांचं वर्तुळ उघडंच असतं, आणि मग प्लेटवर जंतू पसरवायच्या रेघा नीट येत नाहीत म्हणून ओरडा विद्यार्थ्यांना बसतो!

प्रश्न : तापलेला लूप हवेत हलवून थंड केला तर चालेल का? (त्याच बॅचमधून)

नाही. फुंकर तर अजिबात नको. काही सेकंद स्थिर धरा, मग प्लेटच्या कडेला, जिथे काही वाढलेलं नाही अशा अगारला (जंतू वाढवायच्या जेलीला) टेकवा. ‘चर्र’ झालं तर अजून थांबा. गरम लूप कॉलनीवर ठेवलात तर उचलायचे जंतू तिथेच मरतील आणि दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी निघेल.

प्रश्न : टेस्ट ट्यूबचं तोंड ज्योतीतून दोन-तीनदा फिरवतो. एवढ्याने काच निर्जंतुक होते? (प्रयोगशाळा सहायक, नाशिक)

होत नाही. तेवढ्या वेळात काच जेमतेम कोमट होते. फायदा वेगळा आहे : तोंडाजवळची हवा तापून वर आणि बाहेर जाते, त्यामुळे धुळीचे कण आत पडण्याची शक्यता कमी होते. तेवढ्यासाठी ही सवय सोडू नका, मात्र ट्यूब तिरकी धरा आणि कापसाचा बोळा टेबलावर न ठेवता करंगळीत पकडा. ज्योतीवर लोकांचा भरवसा फार जुना आहे. १८७८ साली लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे सांगितलं होतं की, आपण सर्जन असतो तर हात धुऊन झाल्यावर तेही झटकन ज्योतीवरून फिरवले असते. आज हे कोणी करू नये.

प्रश्न : काचेचा स्प्रेडर (नमुना प्लेटवर पसरवायची वाकडी काडी) अल्कोहोलमध्ये बुडवून पेटवतो. मागच्या आठवड्यात बीकरच पेटला. शिवाय मातीच्या नमुन्यांत नमुना न घातलेल्या कंट्रोल प्लेटवरही कॉलनी येतात. (एम.एस्सी. विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

आधी आगीचं. पेटलेला किंवा नुकताच विझलेला गरम स्प्रेडर बीकरमध्ये परत गेला, की हे होणारच. अल्कोहोलची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. बीकर काचेचा, बसका आणि बर्नरपासून लांब ठेवा, त्यात अल्कोहोल थोडंच घ्या आणि झाकण हाताशी असू द्या. पेटलंच तर झाकण ठेवून विझवा. पेटता बीकर उचलून बेसिनकडे धावू नका. स्प्रेडरचं टोक नेहमी खाली, नाहीतर जळतं अल्कोहोल हातावर ओघळतं.

आता कॉलनींचं. स्प्रेडर ज्योतीत तापवायचा नसतो, फक्त पेटवून बाहेर काढायचा असतो. अल्कोहोल जळून जातं, काच फार तापत नाही. साधे जंतू मरतात, पण बॅसिलस या जिवाणूचे बीजाणू (त्याचं टणक, सुप्त रूप) ना अल्कोहोलला दाद देतात, ना या क्षणभराच्या ज्योतीला. मातीत तर बॅसिलस भरपूर. त्यामुळे स्प्रेडर आधीच गुंडाळून हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसला २ तास ठेवा आणि शक्यतो प्रत्येक प्लेटला नवा घ्या. तेवढे नसतील तर सर्वांत विरळ नमुन्यापासून सुरुवात करून दाटाकडे जा.

प्रश्न : ऑक्सिडेज चाचणी (रंग बदलतो का ते बघून जंतू ओळखायची) कधीकधी नको तिथे पॉझिटिव्ह येते. रिएजंट (चाचणीचं रसायन) ताजं आहे. (तंत्रज्ञ, पॅथॉलॉजी लॅब, ठाणे)

तुमचा लूप निक्रोमचा (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचा) असणार. पुन्हा पुन्हा तापवून त्याच्या तारेवर ऑक्साइडचा थर बसतो आणि रिएजंटला तोच रंग आणतो. कॉलनी लाकडी काडीने, प्लास्टिकच्या लूपने किंवा प्लॅटिनमच्या तारेने उचला. प्लास्टिकचा लूप एकदाच वापरायचा, ज्योतीत धरायचा नाही, हे नव्या मुलांना सांगून ठेवा.

टीबीच्या नमुन्यांसाठी बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (गाळलेल्या हवेच्या प्रवाहाने जंतू अडवणाऱ्या कपाटात) बर्नर ठेवावा का, असंही तुम्ही विचारलंय. ठेवू नका. ज्योतीची गरम हवा कॅबिनेटमधला हवेचा प्रवाह मोडते, आणि तुमचं संरक्षण त्या प्रवाहावरच आहे. फिल्टरलाही धोका. तिथे एकदाच वापरायचे लूप किंवा लूप जाळायचं विजेचं उपकरण बरं.

प्रश्न : घरी धिंगरी अळंबीचं स्पॉन (धान्याच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं) करते. झाकलेल्या खोक्यात हात घालून, आत स्पिरिटचा दिवा लावून काम करते. तरी पिशव्या खराब होतात. (महिला उद्योजक, सातारा)

ताई, दिवा आजच खोक्याबाहेर काढा. आत स्पिरिट फवारून दिवा लावला तर वाफ भडकू शकते, आणि हात आतच असतात. आतली हवा स्थिर राहावी म्हणून खोकं, आणि ज्योत तीच हवा ढवळते. चिमटा किंवा स्कॅल्पेल बाहेर तापवा, आत नेऊन थंड होऊ द्या.

पिशव्या कशाने खराब होतात ते दाण्यांवरून कळेल. दाणे चिकट आणि आंबूस वासाचे झाले, तर त्यांच्यातले बीजाणू कुकरमध्ये मेलेच नाहीत. वाफेचा वेळ वाढवा आणि दाणे शिजवल्यावर बाहेरून कोरडे करून भरा. हिरवी बुरशी आली, तर बहुधा ती काम करताना हवेतून किंवा हातांवरून आत गेली. पंखा बंद करा, हात स्पिरिटने पुसा, आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय दिव्याजवळ नेऊ नका.